'ख्रिस्तामध्ये माझी ओळख' हे रोजच्या जगण्यात कसं उतरवायचं?

लव्हाळं (प्रश्न)

बायबलमधली वचनं पाठ आहेत: 2 करिंथ 5:17, गलती 2:20, 1 योहान 3:1. तरी कामात कोणी चूक काढली की दिवसभर मन तिथेच घुटमळतं आणि कौतुक झालं की स्वारी हवेत. म्हणजे ओळख खरी कशावर टेकली आहे ते दिसतंच आहे. 'मी देवाचं लेकरू आहे' असं आरशासमोर दहा वेळा म्हणा, हा सल्ला कृपया नको. त्याचा अंमल दुपारपर्यंत उतरतो. काय वाचावं, किती, कोणत्या क्रमाने, आणि हे नेमकं कुठे फसतं?

दुरंगी पेन्सिल

सुट्या वचनांनी सुरुवात करू नका. इफिसकरांस पत्र एका बैठकीत, मोठ्याने वाचा. सहा अध्याय, 155 वचनं. वीसेक मिनिटं लागतात. हातात दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. देवाने जे केलं ते एका रंगात आणि आपण जे करायचं ते दुसऱ्या रंगात अधोरेखित करा. पहिले तीन अध्याय जवळजवळ एकाच रंगाचे होतील. त्या तीन अध्यायांत वाचकाला दिलेली आज्ञा एकच आहे, 2:11 मधली 'आठवण करा'. आज्ञांची रांग लागते ती 4:1 पासून, आणि तिथे पत्र लिहिणारा पौल आधी 'म्हणून' म्हणतो. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच: चौथ्या अध्यायातलं नीट वागून पहिल्या अध्यायातलं 'निवडलेले' हे नाव मिळवायला बघतात.

मग 1:3 ते 14 एवढाच भाग आठवडाभर रोज वाचा. मूळ ग्रीकमध्ये हे एकच लांबलचक वाक्य आहे आणि त्यात 'ख्रिस्तामध्ये', 'त्याच्यामध्ये' अशा अर्थाचे शब्द दहापेक्षा जास्त वेळा येतात. आपल्या जुन्या भाषांतरात 'ख्रिस्ताच्या ठायी' असं आहे, तो शब्द मला जास्त आवडतो. ठायी म्हणजे जागी. तुम्ही कसे आहात याआधी तुम्ही कुठे आहात हे तो सांगतो, आणि चुकीचा ईमेल गेला म्हणून ती जागा सुटत नाही.

जैतुनाची फांदी

वरच्या उत्तराला जोड. मत्तय 3:17 आणि 4:3 शेजारी शेजारी ठेवून वाचा. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणी होते, 'हा माझा प्रिय पुत्र'. तोवर मत्तयाने येशूचा एकही चमत्कार सांगितलेला नाही. पुढच्याच अध्यायात, चाळीस दिवसांच्या उपासानंतर, सैतान येतो आणि म्हणतो, 'तू देवाचा पुत्र असलास तर...' 'प्रिय' हा शब्द गळला आणि 'तर' आला. धोंड्यांच्या भाकरी करून स्वतःला सिद्ध कर, असा तो डाव आहे. येशू तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन पुढे करतो (8:3, 6:16, 6:13) आणि 'मी पुत्र आहे की नाही' या वादात शिरतच नाही. टीका झाल्यावर मनात पहिलं वाक्य कोणतं उमटतं ते पकडा. त्यात बहुधा असाच एखादा 'तर' असतो.

दुसरी जागा लूक 15, येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट. धाकटा मुलगा वाटेत तीन वाक्यांची तयारी करतो: पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मोलकरी म्हणून ठेवा (18-19). घरी पोचल्यावर 21 व्या वचनात पहिली दोनच बोलतो. तिसरं येण्याआधी बाप झगा, अंगठी आणि जोडे मागवतो. पण 29 वं वचन वाचल्याशिवाय थांबू नका. थोरला म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय. घर न सोडताही तो स्वतःला मोलकरीच समजत होता. मंडळीत खूप राबणाऱ्यांचा आजार बहुधा हा दुसरा असतो.

सरळ अन्वय

थोडा वेगळा सूर लावतो. 'मी, माझी ओळख' हा सगळा एकवचनी कारभार मराठीत लवकर बोकाळतो, कारण आपलं 'तुम्ही' आदरार्थीही असतं आणि अनेकवचनीही. 1 करिंथ 3:16 मधलं 'तुम्ही देवाचं मंदिर आहात' आपण एकट्याला मान देऊन म्हटल्यासारखं वाचतो. मूळात ते अनेकवचन आहे, अख्ख्या मंडळीला उद्देशून. 1 पेत्र 2:9 मधला 'निवडलेला वंश' तर उघडच समूह आहे. म्हणून एकांतात वही भरणं पुरत नाही. तुमची चूक माहीत असूनही तुम्हाला भाऊ किंवा बहीण मानणारं एक तरी माणूस हवं.

आणि संदर्भ तोडू नका. यिर्मया 29:11 ('तुमच्या हिताचे संकल्प') बाबेलात बंदिवान झालेल्यांना लिहिलंय. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबा असं आहे. फिलिप्पै 4:13 ('मला जो शक्ती देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो') यशाची हमी म्हणून भिंतीवर लागतं, पण 11-12 मध्ये विषय भुकेतही तृप्त राहण्याचा आहे. अशा उसन्या वचनांवर उभी केलेली ओळख पहिल्या अपयशात कोसळते, मग माणूस म्हणतो वचन खोटं ठरलं.

लव्हाळं

पेन्सिली घेतल्या. पण एक अडतंय: टीका खरी असेल तर? चूक माझीच असेल तर 'मी प्रिय आहे' म्हणणं पळवाट वाटते.

दुरंगी पेन्सिल

चूक पाप असेल तर 1 योहान 1:9, म्हणजे त्या पापाचं नाव घेऊन कबुली. त्यानंतर लगेच 2:1, म्हणजे पित्याजवळ आपली बाजू मांडणारा येशू आहे. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे त्याच दिवशी जा. नुसती कामातली चूक असेल तर दुरुस्त करा, त्यासाठी वचन शोधत बसू नका. पळवाट तेव्हा होते, जेव्हा ओळखीचं वचन कबुलीच्या जागी वापरलं जातं. उलट ज्याची जागा पक्की आहे त्याला 'चुकलो' म्हणायला कमी कष्ट पडतात.

वहीत रोज रात्री दहा मिनिटं चार ओळी लिहा: काय घडलं; मनात काय वाक्य आलं; त्या वाक्याप्रमाणे 'मी म्हणजे' काय; त्याला नेमकं भिडणारं वचन, मागच्यापुढच्या पाच वचनांसह. उदाहरणार्थ: अहवालात आकडा चुकला. 'सगळ्यांना कळलं मी कच्चा आहे.' मी म्हणजे माझं काम. 1 करिंथ 4:3-4, जिथे पौल म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही. कौतुकाच्या दिवशीही लिहा, तेव्हा लूक 10:20 काढा: यशाचा नाही, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद करा. नेम चुकतो तो चौथ्या ओळीत: अपमान झालेला असतो आणि माणूस 'आम्ही विजयी' असलं काहीतरी भव्य लिहून मोकळा होतो.

जैतुनाची फांदी

आणि चढउतार पूर्ण थांबतील अशी अपेक्षा नको. रोम 8:15 मध्ये दत्तकपणाचा आत्मा मिळालेला आहे, आणि आठ वचनांनी पुढे, 8:23 मध्ये, त्याच दत्तकपणाची वाट पाहत आपण कण्हतो आहोत. दोन्ही एकाच पानावर. मात्र आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर वहीसोबत डॉक्टरही हवेत. त्याला अविश्वास म्हणणाऱ्याचं ऐकू नका.