अनुभव धागा: वाचनालयातली दिवाळी – अंक, ग्रंथदान आणि बाकी धावपळ

पानपरतणी

आज चौकातल्या वाचनालयाबाहेर फळा दिसला, 'दिवाळी अंकांची नावनोंदणी सुरू', आणि एकदम शाळेच्या सुट्टीतली ती रांग आठवली. म्हणून हा धागा.

इथे बरेच जण कार्यकारिणीवर आहेत, काही ग्रंथपाल, काही नुसतेच मदतीला जाणारे. नवरात्र ते तुळशीचं लग्न या काळात 'क' आणि 'ड' वर्गातल्या (सरकारी वर्गवारीत शेवटच्या दोन वर्गांतल्या) छोट्या वाचनालयांत काय काय चालतं, लोक काय आणून देतात आणि ते निस्तरायचं कसं, ते लिहा. आठवणी चालतील, पण कृती आधी.

सुरुवात मीच करते. दिवाळी अंक योजनेचं सगळं गणित देवघेवीच्या दिवसांवर आहे. अंक ७ दिवसांसाठी दिला तर महिन्याला जेमतेम ४ हात फिरतो, ३ दिवसांसाठी दिला तर १०. अंकाला गिऱ्हाईक असतं संक्रांतीपर्यंत, नंतर कोणी विचारत नाही. त्यामुळे ४० अंक आणि ३ दिवस हे ६० अंक आणि ७ दिवसांपेक्षा स्वस्त आणि जास्त चालणारं. ज्या ४-५ अंकांवर उड्या पडतात त्यांच्या दोन-दोन प्रती घ्या, एकेकच असलेले दहा अंक कमी करा. विलंब शुल्क नेहमीच्या पुस्तकांपेक्षा वेगळं ठेवा आणि नावनोंदणीच्या पावतीवरच छापा, नाहीतर काउंटरवर रोज वाद.

दाभण_दोरा

अंक आला की लगेच देवघेवीत टाकू नका, एक संध्याकाळ शिवणीला द्या. हल्ली बहुतेक अंकांचा कणा गरम डिंकाचा असतो. कोणीतरी टेबलावर पालथा ठेवला की तडकतो आणि तिसऱ्या वाचकाच्या हातात पानं सुटी होतात.

कृती: कण्यापासून ५-६ मिमी आत तीन भोकं. मधलं बरोब्बर मध्ये, बाकीची दोन वरून-खालून ३ सेमी सोडून. पातळ अंकाला दाभण पुरतं, अडीचशे पानी अंकाला दीड मिमीचं बिट लावलेलं हातड्रिल घ्या, दाभण ठोकत बसलात तर भोक तिरकं जातं आणि मागच्या बाजूला मजकुरात निघतं. मेण लावलेला दोरा मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, तिथून थेट खालच्यातून आत, परत मधल्यातून बाहेर, आणि आडव्या दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना टोकं ठेवून गाठ. ६ मिमीपेक्षा आत शिवलं तर अंक उघडत नाही आणि वाचक जोर लावून फाडतो.

मध्ये पिना असलेल्या अंकांच्या पिना काढून त्याच भोकांतून दोरा घाला. दमट गावात पिना दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत गंजतात.

आणि ती चिकटपट्टी कृपा करून लपवून ठेवा. वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते, डिंक पाघळतो, शेजारची दोन पानं चिकटतात.

चहा_दोन

शिवण ठीक. राशिभविष्याची पानं कशी वाचवायची ते सांगा. आमच्याकडे कन्या आणि तूळ हमखास गायब.

दाभण_दोरा

हाहा. त्या पानांची झेरॉक्स काढून सूचना फलकावर लावा. फाडणारे ऐंशी टक्के तिथेच थांबतात (हा आकडा माझ्या मनाचा). शब्दकोड्यालाही तेच, झेरॉक्स काउंटरवर ठेवायची, अंकात पेन्सिल नाही.

ठाणेकर_कधीकाळी

खिडकीचित्रांच्या (कापलेली खिडकी उघडली की मागचं चित्र दिसतं त्या) अंकाचं काय करता? खिडकीचा कोपराच पहिला जातो.

दाभण_दोरा

नाव न घेताच कळलं :) खिडकीच्या कडेला मागून पांढऱ्या पतंगाच्या कागदाची ५ मिमीची पट्टी, खळीने. खळ म्हणजे १ वाटी मैदा, ५ वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर ढवळायची. टिकवायची असेल तर उतरवताना चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी आहे, ते भांडं परत स्वयंपाकाला नको.

खालच्या_फळीवरचा

ग्रंथदानाबद्दल लिहितो, कारण दसरा-दिवाळीची घरं आवरायला निघाली की पोती वाचनालयाच्या दारात येतात.

सर्वात महत्त्वाचं: चाळल्याशिवाय एकही पुस्तक दाखल नोंदवहीत चढवू नका. एकदा दाखल क्रमांक पडला की ते पुस्तक संस्थेची मालमत्ता. मग ते फाटकं निघो वा चौथी प्रत, कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय आणि रद्दबातलच्या रीतसर नोंदीशिवाय काढता येत नाही. भेट नोंदवही वेगळी ठेवा: तारीख, देणाऱ्याचं नाव, किती नग, इतकंच. दात्याच्या पावतीवर छापून घ्या की 'स्वीकारलेल्या पुस्तकांच्या विनियोगाचा अधिकार वाचनालयाकडे राहील'. हे एक वाक्य नसलं की पुढच्या वर्षी 'बाबांची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत?' हा प्रश्न येतोच.

दारातच नको म्हणायच्या गोष्टी: बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, तीन वर्षांपूर्वीची स्पर्धा परीक्षा मार्गदर्शकं, जुने कायदे आणि करविषयक पुस्तकं (चुकीची माहिती देतात, म्हणून तर अजिबात नको), वाळवी लागलेलं काहीही.

ठेवायची ठरली की शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षक पानाच्या मागे, शेवटच्या छापील पानावर आणि एका ठरलेल्या गोपनीय पानावर. चित्रावर किंवा नकाशावर शिक्का मारणाऱ्याला चहा बंद.

कोकणातून

पोती आल्या आल्या कपाटाशेजारी रचू नका. निदान १५ दिवस वेगळ्या खोलीत. कसर आणि झुरळांची अंडी कण्याच्या आतल्या पोकळीत असतात, वरून पुस्तक कोरं दिसतं. पांढऱ्या कागदावर पुस्तक आपटून बघा, भुसा पडला तर आत किडा आहे.

मोजकी, मोलाची पुस्तकं असतील तर डीप फ्रीजर: हवाबंद पिशवी, आतली हवा दाबून काढायची, उणे १८ ते २० अंशांवर ७ दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. सगळे इथेच घाई करतात. गार पुस्तकावर हवेतलं पाणी जमतं आणि किडा मेला पण बुरशी आली असं होतं.

बुरशीला ऑक्टोबरचं कोरडं ऊन चांगलं असं समजून लोक पुस्तकं गच्चीवर थेट उन्हात घालतात. कागद पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो. सावलीत, वारा लागेल अशी, पंख्यासारखी पानं उघडून उभी ठेवा. पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने, मास्क लावून, बाहेर. ओली बुरशी पुसली तर पसरते.

घाटमाथा

धाग्याशी संबंध थोडा कमी, पण कोजागिरीचं काव्यवाचन बहुतेक ठिकाणी वाचनालयच करतं. ६० माणसांना दूध किती? कोणीतरी १५ लिटर सांगतंय.

पानपरतणी

१५ जास्त होतं. माणशी १२५ मिली म्हणजे साडेसात लिटर. १० लिटर म्हशीचं दूध आटवून ८ वर आणा, बाकी उरेल ते कवींना. साखर आठशे ते नऊशे ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांत. आधी घातली तर लवकर बुडाला लागतं. पातेल्यात आधी पेलाभर पाणी फिरवून मग दूध ओता.

घाटमाथा

धन्यवाद ताई. कवी २२ आहेत, श्रोते किती येतील त्याची काळजी आहे.

चहा_दोन

मग दूध १५ लिटरच घ्या. श्रोते दुधालाच येतात.

गडद_निळी_शाई

दसऱ्याच्या ग्रंथपूजनाबद्दल एक. हळद-कुंकू पुस्तकावर वाहू नका. कुंकवाचा रंग कापडी कण्यात शिरतो, निघत नाही, हळदीचा तर नाहीच. पुस्तकांवर काचेची शीट किंवा जाड प्लास्टिक, त्यावर पाट, त्यावर पूजा. आपट्याचं पान पुस्तकात ठेवायची सवय मुलांना असते, ओलं पान समोरासमोरच्या दोन्ही पानांवर तपकिरी डाग सोडतं.

हिशोबी_माणूस

देणगीचं लिहितो, सगळे विसरतात. संस्थेची ८०जी नोंदणी असेल तर २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर दात्याला करसवलत मिळत नाही. धनादेश किंवा ऑनलाइन घ्या, आणि दात्याचा पॅन तेव्हाच घ्या. वर्ष संपल्यावर देणग्यांचं विवरण भरताना पॅनसाठी फोन करत बसावं लागतं.

'एक अंक तुमच्या नावे' ही योजना छोट्या गावात सर्वात सोपी. अंकाची किंमत दाता देतो, आतल्या पानावर 'कै. ... यांच्या स्मरणार्थ' अशी चिठ्ठी. चिठ्ठी खळीने लावा, गोंद नको. आणि अंक कुठला घ्यायचा हे वाचनालय ठरवणार, दाता नाही. नाहीतर एकाच अंकाच्या नऊ प्रती होतात.

मुलांचा_कोपरा

१५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन (२०१५ पासून कलामांच्या जयंतीला होतो), त्याबद्दल. बऱ्याच शाळांच्या सहामाही परीक्षा त्याच सुमारास असतात, सकाळी कार्यक्रम ठेवला तर खुर्च्या रिकाम्या. संध्याकाळी ५ ते ६ ठेवा. भाषण नको. पुस्तकं कणा दाखवून नाही, मुखपृष्ठ पुढे करून मांडा, टेबलावर २५ पेक्षा जास्त नकोत. गोष्ट मोठ्याने वाचायची तर १० मिनिटांची, आणि उत्कंठेवर थांबवायची. पुस्तक तिथेच देवघेवीला तयार ठेवा, पुस्तकाला चिकटवलेल्या खिशात कार्डासकट.

ठाणेकर_कधीकाळी

गावच्या वाचनालयाला इथून पुस्तकं पाठवायची तर कुरिअरला पुस्तकापेक्षा जास्त पडतात.

हिशोबी_माणूस

टपाल खात्याची ज्ञान पोस्ट बघा, मे २०२५ पासून आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. फक्त पुस्तकांसाठी, नियतकालिकं बसत नाहीत, म्हणजे दिवाळी अंक नाहीच. पाठवण्याआधी वाचनालयाकडून हव्या असलेल्या पुस्तकांची यादी मागवा. यादी न मागवता आलेली पेटी म्हणजे खालच्या_फळीवरचा यांचं एक दिवसाचं काम.

खालच्या_फळीवरचा

दोन दिवसांचं.

कोकणातून

जानेवारीनंतर उरलेल्या अंकांचं काय करता?

पानपरतणी

फेब्रुवारीत अर्ध्या किमतीत सभासदांना, मग जे राहतील ते एसटी स्टँडवरचं उपाहारगृह, सरकारी दवाखान्याची बाकं, वृद्धाश्रम. मागणी असलेल्या दहा-बारा अंकांचा संच मात्र ठेवा, बांधून, वर्षाचा आकडा कण्यावर. किशोरवयीन मुलांचे अंक दवाखान्यात देऊ नका, शाळेच्या ग्रंथालयात द्या, तिथे आणखी दोन वर्षं फिरतात.

चहा_दोन

आणि राशिभविष्याशिवायचे अंक?

पानपरतणी

ते तुम्हाला पाठवते. पत्ता कळवा.