चित्रकाराने सिनेमा करावा, पण किती लांबीचा?

कुंचलेवाला:
चित्रकाराला सिनेमा अर्धा येतोच, असं सर्रास म्हणतात आणि लगेच चित्रकार एम. एफ. हुसेन पुढे करतात. 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' या त्यांच्या लघुपटाला १९६७ साली बर्लिनला गोल्डन बेअर मिळालं, हे खरंच. पण त्यात संवाद नाहीत, गोष्ट नाही. राजस्थान, छत्री, कंदील, जोडा आणि संगीत, बस्स. चित्रकाराला जे जमत नाही ते त्यांनी घेतलंच नाही! 'गजगामिनी'त (२०००) पूर्ण लांबी आली आणि फ्रेम देखण्या असूनही प्रसंगातून प्रसंग निघेना. चित्रकाराने लघुपटावर थांबावं.

रंकाळाकाठ:
बाबूराव पेंटर विसरलात काय राव? नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस. कॅमेरा घरी जुळवून 'सैरंध्री' (१९२०) काढला आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव सेट उभे केले. 'सावकारी पाश' (१९२५) तर चांगली गोष्टच आहे की. पेंटरला गोष्ट जमत नाही, हे कुठून काढलंत?

कुंचलेवाला:
त्यांच्यामागे कंपनी होती. आजचा चित्रकार लॅपटॉप घेऊन एकटा बसतो, फरक तिथे आहे.

तिपाई:
एकट्याने करायचं तर काचेवर रंगवून अ‍ॅनिमेशन करा: चित्र काढा, फोटो टिपा, थोडं बदला, पुन्हा टिपा. काच, खाली दुधी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा, त्याखाली दिवा, वर स्टँडला घट्ट बांधलेला कॅमेरा. पोस्टर कलरमध्ये ग्लिसरिनचे थेंब टाका, म्हणजे रंग लवकर सुकत नाही आणि बोटाने सरकवता येतो. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक चित्र दोनदा टिपलं तर १२ चित्रं, मिनिटाला ७२०. पहिल्यांदा अर्ध्या मिनिटाच्या पुढे जाऊ नका.
बिघडतं ते बहुतेक उजेडाने. एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा), व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा तोल) आणि फोकस तिन्ही मॅन्युअल ठेवा, नाहीतर रंगाचा गडद भाग वाढला की कॅमेरा आपोआप उजळवतो आणि चित्र फडफडतं. खिडकी काळ्या कापडाने झाका. ढग आला तरी फ्रेममध्ये कळतं. पांढरा शर्ट घातलात तर काचेत तुम्हीच दिसाल. आणि हे पुसत-पुसत पुढे जाणारं काम आहे, मागचं चित्र परत मिळत नाही. म्हणून दर १२ चित्रांनी चालवून बघा.

मूकपट:
तिपाईंचं तंत्र बरोबर, सल्ला चुकीचा. चित्रकार अकबर पदमसींनी 'सिझिजी' या अ‍ॅनिमेशनपटाची रेखाटनं स्वतः केली, ती हलवायला मात्र अ‍ॅनिमेटर राममोहन होते. तरबेज माणूस शेजारी घेणं यात कमीपणा काय?
आणि आवाजाचं कोणी बोलतच नाही! चित्रकारांची फिल्म तिथेच पडते. प्रत्येक जागेचा किमान ३० सेकंद नुसता तिथला आवाज, कोणी न बोलता, रेकॉर्ड करा. तो नसेल तर संवादांच्या फटीत भोकं पडतात आणि ती झाकायला सतार ओतली जाते.

तिपाई:
सतार मान्य! अजून एक: आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. ट्यूबलाइटखाली शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, १/६० ठेवलंत तर पट्टे सरकतात.

कुंचलेवाला:
मुद्दा तंत्राचा नाहीच. सवयीचा आहे. चित्रकार प्रत्येक शॉट पुरा करतो, म्हणून पुढच्या शॉटला काम उरत नाही. आपलंच उभं कॅनव्हास १६:९ च्या आडव्या पडद्यात दाखवतानाही डोकं-पाय कापत कॅमेरा भराभर वर नेतात. २४ फ्रेमला कॅमेरा इतका जोरात फिरवला की चित्र थरथरतं. एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसरीकडे जायला साधारण ७ सेकंद द्यावे लागतात.

रंकाळाकाठ:
सवय आहे तर मोडता येते. सेटवर कलादिग्दर्शकाच्या हाताखाली राहिलं की शॉट अपुरा ठेवायला आपोआप शिकतो माणूस. फत्तेलाल असेच सेट उभारत दिग्दर्शक झाले, दामल्यांबरोबर 'संत तुकाराम' (१९३६) केला. तो लघुपट आहे का?

कुंचलेवाला:
नाही. पण त्याची पटकथा शिवराम वाशीकरांनी लिहिली होती, हे तुम्ही सोयीने गाळलंत.