मदत हवी आहे: ४,२९,४९,६७,२९७ च्या अवयवांमध्ये १२८ कुठून येतो?
मंडळी, ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, गणितज्ञ फर्माला ती मूळ (१ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी) वाटायची पण गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं, दुसरा अवयव ६७,००,४१७. मी वहीत हाताने भागून बघितलं, बाकी शून्य, जाम भारी वाटलं! आता अडलंय इथे: दोन्ही अवयवांतून १ वजा केला की १२८ ने पूर्ण भाग जातो. ६४ चं कळलं, अवयवाने भागलं की २ चे घात ६४ पायऱ्यांनी परत बाकी १ वर येतात आणि मग फर्माचं छोटं प्रमेय (मूळ संख्या p ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या p-१ व्या घाताला p ने भागलं की बाकी १), पण हा जास्तीचा २ कुठून आला? या १२८ मुळे शोध केवढा आटोपतो बघा, १२८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या: १२९, ३८५, ५१३ मूळच नाहीत, २५७ ने भाग जात नाही, की लगेच ६४१. कोणी पायरी-पायरीने समजावेल का प्लीज?