न्हाणीघरातला मोठा कोळी मारावा का?

दांडियाबाजारची सून: आमचा वाडा जुना. न्हाणीघरात बंबामागे चार दिवस झाले, तळहाताएवढा तपकिरी कोळी आहे. अंग चपटं, पाय खेकड्यासारखे आडवे. जाळं कुठेच नाही. पोटाखाली बत्ताशाएवढी पांढरी चकती घट्ट धरून असतो. सासूबाई म्हणतात, अंगावर मुतला तर फोड येतील, फवारा मार. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, पण ती चकती बघून माझा हातच होत नाही. काय करू?

रावपुऱ्याच्या बाई: फवारा ठेवून द्या हो! ती मादी आहे. चकती म्हणजे अंड्यांची पिशवी, आत दोनशेच्या आसपास अंडी असू शकतात. पिल्लं निघेपर्यंत ती तशीच जपते.

जाळं दिसणार नाही, कारण ही जात शिकारीसाठी जाळं विणतच नाही. दिवसभर फटीत, रात्री भिंतीवर. माझ्या मोरीत अशीच एक होती. रात्री दहानंतर मी दाराशी स्टूल टाकून बसायची. झुरळ मोरीच्या जाळीतून वर आलं की ती आधी अगदी स्तब्ध व्हायची आणि मग एका झेपेत त्याच्यावर. घट्ट अन्न कोळ्याला गिळता येत नाही. विषाने सावज लुळं करून त्यावर पाचकरस सोडायचा आणि पातळ झालेलं शोषून घ्यायचं. सकाळी फरशीवर झुरळाचे पंख आणि तंगड्या तेवढ्या उरायच्या.

फोडांचं मात्र सासूबाईंना नीट सांगा. कोळ्याच्या मुताने फोड येत नाहीत. पुष्कळदा ती नागीण असते, आणि तिच्यावर औषध लवकर सुरू व्हावं लागतं. कोळ्यावर ढकलून लोक दिवस घालवतात, याचा मला फार त्रास होतो.

मुलाला हात लावू देऊ नका. डिवचलं तर चावते, दुखतं, पण जिवावर बेतत नाही.

वाडीवाला: आमच्याकडे छताच्या कोपऱ्यात काडीसारख्या पायांचे असतात. झाडू लागला की गदगदा हलतात.

रावपुऱ्याच्या बाई: ते वेगळे, जाळ्यातच राहणारे. त्यांची मादी अंडी जबड्यात धरते. टॉर्च घेऊन बघा, दाणे मोजता येतात.

दांडियाबाजारची सून: बाई, सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनीच आंघोळीची बादली दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली.