अनुभव धागा : व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया – गाईडबरोबर पाहिलेला प्रदेश

व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया हे एकमेकांना लागून असलेले तीन देश आता महाराष्ट्रातून निघणाऱ्या गटसहलींमध्ये एकत्र दिसू लागले आहेत. हा प्रवास करून आलेल्यांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. एकाच देवळासमोर उभे राहून कोणाला पुष्कळ काही दिसते, तर कोणी छायाचित्र काढून बसमध्ये परततो, आणि हा फरक बहुतेक वेळा बरोबरच्या स्थानिक गाईडमुळे पडलेला असतो. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या कोठेही मिळतात, त्यामुळे त्या येथे नकोत. गाईडने तुम्हाला काय दाखवले, कशापुढे थांबवले आणि सहलीच्या आखणीत काय वेगळे असायला हवे होते, एवढे मात्र सविस्तर लिहावे, ही विनंती. आलेले अनुभव खाली, प्रत्येक लिहिणाऱ्याच्या ओळखीखाली.

निवृत्त शिक्षिका, नाशिक

कंबोडियातील अंगकोर वाट मंदिराचा सूर्योदय पाहण्यासाठी पहाटेच्या अंधारात तळ्याकाठी मोठी गर्दी जमते आणि सूर्य वर आला की ती न्याहारीसाठी हॉटेलांकडे परतते. आमच्या गाईडने न्याहारीचे डबे बरोबर घ्यायला लावले होते आणि गर्दी बाहेर पडत असताना त्याने आम्हाला थेट पूर्वेकडच्या ओवरीत नेले. तेथे दक्षिणेच्या अर्ध्या भागात सुमारे 49 मीटर लांबीचे समुद्रमंथनाचे शिल्प आहे आणि त्यावर सकाळचे कोवळे ऊन तिरपे पडते. त्या उजेडात वासुकीला धरून ओढणाऱ्या असुरांच्या आणि देवांच्या दंडांचे स्नायूसुद्धा उठून दिसतात. मध्यभागी विष्णू, त्याच्या खाली मंदराचलाला आधार देणारे कूर्म आणि वर उडणाऱ्या अप्सरा आहेत. मासे आणि मगरी मंथनाच्या मध्याजवळ येतील तसे त्यांचे तुकडे झालेले कोरले आहेत. गाईडने त्यांच्याकडे बोट दाखवले नसते, तर माझे तिकडे लक्षही गेले नसते. पाण्याचा जोर दाखवण्याची शिल्पकाराची ही युक्ती मला फार आवडली.

बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधलेल्या या मंदिराचे मुख पश्चिमेला आहे आणि त्याच्या ओवऱ्यांमधली शिल्पे क्रमाने पाहायची, तर मंदिर डाव्या हाताला ठेवून, म्हणजे आपल्या नेहमीच्या प्रदक्षिणेच्या उलट चालावे लागते. आपल्याकडे अशी उलटी दिशा (अपसव्य) श्राद्धकर्मात घेतात. अनेक अभ्यासकांनी या दोन गोष्टींवरूनच मंदिराचा संबंध राजाच्या मृत्यूनंतरच्या विधींशी जोडला आहे. हे कळल्यावर आम्ही पश्चिमेच्या ओवरीपासून त्याच क्रमाने पुन्हा चालत गेलो. कुरुक्षेत्रावर शरशय्येवर पडलेले भीष्म, पुढे रेड्यावर बसलेला यम आणि त्याच्या दरबारातला चित्रगुप्त या सगळ्यांना ओळखायला आम्हाला कोणाच्या मदतीची गरज पडली नाही, याचे गाईडलाच अधिक कौतुक वाटले. आमच्यातल्या एका काकूंनी भीष्मांची गोष्ट मराठीत सांगितली, मुलीने तिचे इंग्रजी केले आणि त्याने आपल्या ख्मेर, म्हणजे कंबोडियन, परंपरेतली कथा सांगितली. माझ्यासाठी साऱ्या सहलीतला तो सर्वांत मोलाचा तास होता.

पैसे भरण्यापूर्वी एक अवश्य विचारा. अंगकोरचा एक दिवसाचा पास 37 डॉलरला आणि तीन दिवसांचा 62 डॉलरला मिळतो. पुष्कळ सहलींत एकाच दिवसाचा पास धरलेला असतो आणि मग ओवऱ्यांकडे पाहायला कोणालाच सवड राहत नाही.

स्थापत्य अभियंता, पुणे

मध्य व्हिएतनाममधील मी-सन येथे चाम लोकांच्या चंपा राज्याची शिवमंदिरे आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मा राजाने येथे भद्रेश्वराची स्थापना केली आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत या दरीत मंदिरे बांधली जात होती. माझा सारा वेळ विटांपुढे गेला. सांधे इतके बारीक आहेत की ते कळायला नखाने चाचपून पाहावेसे वाटते (अर्थात हात लावू देत नाहीत आणि ते योग्यच आहे). भिंत उभी झाल्यावर तिच्यावरच नक्षी कोरलेली आहे, त्यामुळे फुलाची एक पाकळी दोन-तीन विटांवरून सलग जाते. विटा नेमक्या कशाने जोडल्या, यावर अजून एकमत नाही. आमची गाईड स्थानिक झाडाच्या राळेचा सिद्धान्त सांगत होती, पण ते एक मत आहे, हेही तिने स्पष्ट केले. अशी प्रामाणिक गाईड मिळणे हे भाग्य आहे.

1969 साली अमेरिकी बॉम्बफेकीत येथील सर्वांत भव्य मंदिर कोसळले. बॉम्बने पडलेले खड्डे आजही गवताखाली दिसतात आणि गाईड मंदिरांइतकाच वेळ त्यांच्यापाशी थांबली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने 2017 पासून येथे जतनाचे काम केले आणि 2020 साली त्याच कामात नवव्या शतकातले अखंड वालुकाश्माचे शिवलिंग उजेडात आले. हे आम्ही तिच्याकडूनच ऐकले आणि ते सांगताना तिच्या आवाजात जी आत्मीयता होती, तिने मी भारावून गेलो.

एक सूचना आहे. येथील बरीच शिल्पे दा-नांगच्या चाम शिल्पसंग्रहालयात हलवलेली आहेत. कंपन्या ते संग्रहालय शेवटी ठेवतात किंवा गाळतात. ते मी-सनच्या आधी पाहिले, तर रिकाम्या गाभाऱ्यात काय होते, हे डोळ्यांपुढे उभे राहते.

गृहिणी, कोल्हापूर

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. व्हिएतनाममध्ये माशाचा सॉस भाजीतही पडतो, म्हणून निघताना धास्ती होती. गाईडने पहिल्याच दिवशी प्रत्येकाला स्थानिक भाषेत लिहिलेली चिठ्ठी दिली आणि शाकाहारी बौद्ध खानावळींच्या पाट्या ओळखायला शिकवले. तेथील अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत. आमचा एक मुक्काम योगायोगाने पौर्णिमेला पडला आणि त्या दिवशी आमच्याइतकीच स्थानिक मंडळीही तेच जेवत होती. लाओसमध्ये मात्र अडचण अधिक आली. तेथे आंबवलेल्या माशाचा रस सर्रास वापरतात, त्यामुळे चिकट भात, फळे आणि घरून नेलेली चटणी यांवर बरीच भिस्त राहिली.

पक्षिनिरीक्षक, बेंगळुरू

कंबोडियातील तोन्ले साप सरोवरावर बहुतेक सहली तरंगते गाव दाखवून परत फिरतात. आम्ही जास्तीचे पैसे भरून प्रेक तोआलच्या पक्षी अभयारण्यात गेलो. पावसाळ्यात मेकाँग नदीचे पाणी इतके चढते की तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते आणि सरोवराचा विस्तार कोरड्या ऋतूच्या कित्येक पट होतो. पाण्याखाली जाणाऱ्या त्या जंगलात मासे वाढतात आणि पाणी ओसरू लागले की त्याच झाडांच्या शेंड्यांवर पक्ष्यांच्या वसाहती भरतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यानंतर पाणी इतके उतरते की होडी आत नेणे कठीण होते.

पूर्वी गावातले लोक या घरट्यांतली अंडी गोळा करून विकत असत आणि वसाहती जवळजवळ संपत आल्या होत्या. संवर्धनाचे काम सुरू झाल्यावर त्यांच्यातल्याच काही जणांना राखणदार म्हणून नेमले गेले. आम्हाला झाडावरच्या मचाणावर नेणारा माणूस अशाच कुटुंबातला होता. कोणत्या झाडावर कोण बसते, हे तो दुर्बिणीशिवाय सांगत असे. भिगवणला चित्रबलाक आणि तिरंदाज पाहिलेल्या माणसाला दोन्ही पक्षी ओळखीचे वाटतात, पण शेजारच्या फांद्यांवर पेलिकन आणि त्यापलीकडे जगात फारच थोडे उरलेले मोठे ॲड्जुटंट करकोचे पाहताना माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. निसर्गसहल म्हणून जाहिरात करणाऱ्या प्रत्येक कंपनीने हा दिवस मूळ कार्यक्रमात धरायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

विद्यापीठ विद्यार्थिनी, मुंबई

लाओसमधील लुआंग प्रबांगला पहाटे भिक्खू रांगेने भिक्षेला निघतात. आदल्या संध्याकाळी गाईडने नियम सांगितले. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे, फ्लॅश अजिबात वापरू नये आणि श्रद्धा नसेल तर केवळ छायाचित्रासाठी भात वाढू नये. दुसऱ्या एका गटातले पर्यटक भिक्खूंच्या चेहऱ्याजवळ फोन नेत होते, ते पाहून फार वाईट वाटले.

त्याच शहरात न फुटलेल्या बॉम्बांविषयी माहिती देणारे केंद्र आहे. ते आमच्या कार्यक्रमात नव्हते, गाईडने मोकळ्या वेळात सुचवले. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतले अनेक छोटे बॉम्ब न फुटता शेतांत पडून राहिले आणि आजही शेतकरी आणि मुले त्यांना बळी पडतात. क्वांग सीच्या निळसर धबधब्यावर दुपारी पोहताना मला सारखे तेच आठवत होते. दोन्ही पाहिले म्हणूनच हा देश थोडा कळला, असे मला वाटते.

सनदी लेखापाल, ठाणे

हवामानाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. तीन देशांचा हंगाम एक नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनाममधल्या होई-आनच्या परिसरात मुसळधार पाऊस आणि पूर येतो. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर व्हिएतनाममधल्या हा-लाँगच्या उपसागरावर धुके आणि भुरभुर असू शकते. मार्च-एप्रिलमध्ये उत्तर लाओस शेते जाळल्याच्या धुराने भरतो आणि एप्रिलमध्ये अंगकोरचे दगड दुपारी असह्य तापतात. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी डिसेंबरचा उत्तरार्ध निवडावा, त्यासाठी आरक्षण बरेच आधी करावे आणि हनोईसाठी स्वेटर विसरू नये.