पावसाळ्यात उघड्यावर उभी राहणारी गाडी : खर्च कशावर करावा आणि काळजी कशाची घ्यावी?

प्रश्न : कर्वेनगर रहिवासी

नमस्कार. आमच्याकडे पेट्रोलवर चालणारी, मॅन्युअल गिअरची छोटी गाडी आहे. ती चार वर्षांची झाली असून आजवर तिने मोठा त्रास दिलेला नाही. आम्ही दोघेही कामावर मेट्रोने किंवा दुचाकीने जातो, त्यामुळे गाडी आठवडाभर सोसायटीच्या आवारात गुलमोहराखाली उभी असते आणि बहुधा शनिवारी-रविवारीच बाहेर निघते.

यंदा पाऊस सुरू झाल्यापासून पुढच्या डाव्या सीटसमोरचे मॅट आणि त्याखालचे कार्पेट ओले होत आहे. एसी लावला की पहिली काही मिनिटे कुबट वास येतो. शिवाय उन्हात पाहिले असता बॉनेटवर गोलाकार बारीक ओरखडे दिसतात. गाडी पुसणारे मामा रोज पहाटे न चुकता येतात आणि मनापासून काम करतात, त्यामुळे दोष त्यांच्या कामात आहे असे एकदम म्हणवत नाही.

सर्व्हिस सेंटरने पावसाळ्यासाठी एक पॅकेज सुचवले आहे. त्यात गाडीच्या तळाला कोटिंग, जेटने इंजिन धुणे, एसीचे निर्जंतुकीकरण आणि रंगावर पॉलिश अशी कामे आहेत. ऑगस्टमध्ये आम्हाला ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जायचे आहे. सोबत सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी असेल. यातले खरोखर आवश्यक काय, घरी करता येण्याजोगे काय, आणि घाटात जाण्यापूर्वी काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


उत्तर : पान्हा-पक्कड

नमस्कार ताई. कोटिंग आणि पॉलिश यांचा विचार नंतर करता येईल. कार्पेट ओले का होते याचा शोध मात्र या आठवड्यातच घ्या, कारण कार्पेटखाली जाड फोम असतो, त्यात शिरलेले पाणी वरून सुकल्यासारखे वाटले तरी आत आठवडेच्या आठवडे साचून राहते आणि तिथूनच पत्र्याला गंज, वायरच्या जोडांना हिरवट थर आणि बुरशीचा वास यांची सुरुवात होते.

पाणी कुठून येते हे ओळखण्याची सोपी रीत आहे. पाऊस नसलेल्या दिवशी एसी लावून अर्धा तास गाडी चालवा आणि मग सपाट जागी उभी करून खाली वाकून पाहा. एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाण्याचे थेंब पडायलाच हवेत. ते पडत नसतील आणि आतले मॅट ओले होत असेल, तर एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत एसीची पेटी डॅशबोर्डच्या मध्यापासून डाव्या बाजूला असते, म्हणून पाणी नेमके डावीकडच्या प्रवाशाच्या पायाशी उतरते. याउलट एसी न लावताही, फक्त पावसानंतर ओल येत असेल, तर वायपरखालची जाळी पाहावी.

तुमची गाडी गुलमोहराखाली उभी असते हे वाचूनच मला या जाळीची शंका आली. गुलमोहराच्या पर्णिका इतक्या बारीक असतात की त्या जाळीच्या फटींतून सहज आत जातात, तिथे कुजून त्यांचा चिखल होतो आणि काचेवरून उतरणारे पाणी बाहेर सोडणारी दोन्ही बाजूंची छिद्रे बंद होतात. मग ते पाणी हवा आत घेण्याच्या वाटेने केबिन फिल्टरवर आणि तिथून कार्पेटवर येते. बॉनेट उघडून पाने हाताने काढा, मग तांब्याने हळूहळू पाणी ओता आणि ते पुढच्या चाकांच्या मागे खाली पडते का, ते पाहा. पाणी ओतताना ते इंजिनच्या बाजूला उडू देऊ नका. ओल चिकट असेल आणि तिला गोडसर वास येत असेल, तर ते पावसाचे पाणी नसून हीटरमधून गळणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, असते. तसे असल्यास गाडी गॅरेजमध्येच न्यावी लागेल.

कुबट वासासाठी आधी केबिन फिल्टर बदला. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे (ग्लोव्ह बॉक्स) असतो आणि घरीही बदलता येतो. त्यानंतर एक सवय लावून घ्या : मुक्कामी पोहोचण्यापूर्वी चार-पाच मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे आतले थंड कॉइल कोरडे होते आणि त्यावर बुरशी धरत नाही. एवढे करूनही वास राहिला, तरच निर्जंतुकीकरणावर पैसे खर्च करा.

जेटने इंजिन धुण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. आजच्या इंजिनावर सेन्सर, इग्निशन कॉइल आणि विजेचे असंख्य जोड असतात, आणि जोराच्या फवाऱ्याने त्यांत पाणी घुसले की कधी लगेच, कधी महिन्याभराने गाडी अडखळू लागते. ब्रशने धूळ झाडून ओलसर फडक्याने पुसणे पुरेसे आहे. तळाला बहुतेक कंपन्यांचे मूळ संरक्षण असतेच. वरून आणखी कोटिंग करायचे झाले, तर दारांच्या आणि तळपत्र्याच्या खालची पाणी सोडणारी छिद्रे त्यात बुजत नाहीत ना, हे स्वतः उभे राहून पाहावे. ती बुजली तर कोटिंग नसलेले बरे.

आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन पाच मिनिटे चालू ठेवून बंद केल्याने बॅटरीचे विशेष भले होत नाही. इंजिन पूर्ण तापेपर्यंत, निदान अर्धा तास, गाडी रस्त्यावर चालवावी.


उत्तर : वारजेकर

ओरखड्यांबद्दल लिहितो. मामांच्या मेहनतीत काहीच कमी नाही. पद्धत मात्र बदलायला हवी. एकच बादली आणि एकच फडके घेऊन ओळीने आठ-दहा गाड्या पुसल्या जातात. पुण्यात बांधकामांची बारीक वाळू आणि सिमेंटची धूळ सतत उडत असते, ती त्या फडक्यात अडकते आणि रंगावरच्या पारदर्शक थरावर रोज घासली जाते. तुम्ही पाहिलेल्या गोल रेघा त्याच्याच आहेत.

मामांशी आदराने बोलून असे ठरवता येईल की रोज फक्त काचा, आरसे आणि दिवे पुसावेत आणि संपूर्ण गाडी आठवड्यातून एकदाच धुवावी. त्यांना स्वतःकडची दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी द्या आणि ती आपल्याच गाडीसाठी राखून ठेवायला सांगा. पैसे मात्र पूर्वीइतकेच द्यावेत असे मला वाटते, कारण त्यांची खेप वाचत नाही आणि काम जास्त काळजीने करायचे असते.

धुताना गाडी सावलीत आणि बॉनेट थंड असावे. आधी नुसते पाणी ओतून धूळ सैल करून वाहू द्यावी, त्याआधी फडके लावूच नये. साबणाच्या पाण्याची एक आणि फडके खळबळण्याची दुसरी अशा दोन बादल्या ठेवाव्यात. टपापासून सुरुवात करून खाली यावे आणि चाके सर्वांत शेवटी, वेगळ्या फडक्याने धुवावीत, कारण त्यांवर ब्रेकची धातूमिश्रित पूड असते. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरल्यास रंगावरचे मेण निघून जाते. गाड्यांसाठीचा सौम्य शाम्पूच घ्यावा. असे केल्यास तीन-चार बादल्यांत गाडी स्वच्छ होते. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागणाऱ्या सोसायट्यांत नळी सोडून गाडी धुणे मला तरी पटत नाही.

पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चिकट स्राव कोरडा खरवडू नये. ओले फडके त्यावर काही मिनिटे ठेवले की तो सुटतो. मात्र तो दिवसेंदिवस तसाच ठेवू नये, कारण उन्हात रंगावर त्याचा कायमचा डाग पडतो. पावसाळ्यात भिजलेले कव्हर गाडीवर ठेवू नका; आत कोंडलेली वाफ रंगाचे आणि रबराचे नुकसान करते. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश लावल्यास त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते, आणि स्टिअरिंग किंवा पेडल यांना ते लागले तर हातपाय निसटतात, म्हणून आतून फक्त ओलसर फडके फिरवावे.

धुऊन झाल्यावर गाडी लगेच उभी करून ठेवू नये. सोसायटीभोवती एक चक्कर मारून ब्रेक हलके दाबावेत, म्हणजे ते कोरडे होतात. पावसाळ्यात दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या गाडीचा हँडब्रेक ओढलेला असला, तर मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममधले शू (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) चिकटून बसतात. जागा सपाट असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळा लावावा.


उत्तर : घाटवाट

ताम्हिणीबद्दल माझे म्हणणे असे की सगळ्यांत आधी टायर पाहावेत. कायद्याप्रमाणे खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते आणि खाचांमधल्या उंचवट्यांवरून ती मर्यादा कळते. परंतु भर पावसात पाणी कापण्यासाठी एवढी खाच पुरत नाही, आणि ती ३ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर मी टायर बदलूनच घाटात जाईन. तुमची गाडी कमी चालते, म्हणून टायरचे वयही पाहा. कडेवर चार अंक असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. हवा टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी, आणि चार माणसे व सामान असेल तर भरलेल्या गाडीसाठीचा आकडा घ्यावा. स्टेपनीतली हवा तपासायला विसरू नका. वायपरची रबरे कडक झाली असतील तर आत्ताच बदला. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेते, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. तुमच्या गाडीचे बदलले आहे का, हे विचारून घ्या.

घाट उतरताना, चढताना जो गिअर लागला असता साधारण तोच ठेवावा. सतत ब्रेक दाबून उतरल्यास ते तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे तर कधीही करू नये, कारण इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि स्टिअरिंग जड होते. अरुंद जागी समोरून चढाची गाडी आली, तर उतरणाऱ्याने थांबून तिला वाट द्यायची असते. हा नियम आहे, परंतु सुट्टीच्या दिवशी तो पाळला जाईलच असे गृहीत धरू नका.

धुक्यात डिपर खालचा ठेवावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, ती घातक आहे. मागच्याला तुमची गाडी उभी आहे की वळते आहे हेच कळत नाही. ती खूण बंद पडलेल्या गाडीची आहे. काचेवर आतून वाफ धरली की हात फिरवण्याऐवजी एसी चालू करून हवा काचेकडे सोडावी. धबधब्यापाशी, कड्याखाली किंवा वळणावर गाडी उभी करू नये, मग तिथे दहा गाड्या उभ्या असल्या तरी.

मुलीबद्दल विशेष आग्रहाने लिहितो. तिला मांडीवर किंवा पुढच्या सीटवर बसवू नका. मागच्या सीटवर बूस्टर सीट आणि पट्टा, आणि सासूबाईंनाही पट्टा. पट्टा मागच्यांनाही बंधनकारक आहे आणि १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना असल्यास १,००० रुपये दंड आहे. चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली, चप्पल किंवा सुटे मॅट राहू देऊ नका. बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबताच येत नाही.

दिवेआगरला गाडी वाळूत नेऊ नका. परतल्यावर चाकांच्या कमानी आणि तळ गोड्या पाण्याने धुवा, कारण खाऱ्या हवेचा आणि चिखलाचा थर पत्र्याला लागून राहिला की गंज लवकर धरतो.


प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : कर्वेनगर रहिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जाळीखालून मूठभर कुजलेली पाने निघाली आणि डावीकडचे छिद्र पूर्ण बंद होते. आता पाणी नीट खाली उतरते. कार्पेट उचलून खाली कागद घातले आहेत. मामांशीही बोलणे झाले आणि त्यांनी ते आनंदाने मान्य केले.

एक गोष्ट विचारायची राहिली. आम्ही डेक्कनला जाताना अनेकदा नदीपात्रातल्या रस्त्याने जातो. रस्त्यावर पाणी असल्यास किती पाण्यातून गाडी न्यावी, आणि ती मध्येच बंद पडली तर काय करावे?


उत्तर : पान्हा-पक्कड

खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवल्याची बातमी आली की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल तुमच्या वाटेतून वगळा, पाणी अजून दिसत नसले तरी. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले, तेव्हा पार्किंगमधल्या उभ्या गाड्या बुडाल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने गाड्या वाहून नेल्या. वाहत्या पाण्यात फूटभर खोलीही छोट्या गाडीची पकड सोडवायला पुरते, म्हणून पाणी वाहत असेल तर मापाचा प्रश्नच उरत नाही. गाडी वळवून परत यावे.

साचलेल्या, स्थिर पाण्यातून जावेच लागले, तर ते चाकाच्या निम्म्या उंचीपेक्षा कमी असल्याची आणि खालचा रस्ता माहितीचा असल्याची खात्री हवी. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवून हळू जावे. पुढची गाडी पलीकडे पोहोचल्याशिवाय पाण्यात शिरू नये, आणि समोरून बस येत असेल तर तिच्या लाटा ओसरू द्याव्यात. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून कोरडे करावेत.

गाडी पाण्यात बंद पडली तर किल्ली किंवा बटण यांना पुन्हा हात लावू नका. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी गेलेले असले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि स्टार्टर फिरवताच कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेले दांडे, वाकतात. नुसत्या भिजलेल्या इंजिनाची दुरुस्ती आवाक्यातली असते. रॉड वाकलेल्या इंजिनाचा खर्च छोट्या गाडीला परवडण्यापलीकडे जातो. पाणी चढत असेल तर काचा चालतात तोवर खाली करा, मुलीला आधी बाहेर काढा आणि गाडीचा विचार सोडून द्या. मदतीसाठी ११२ क्रमांक आहे.

विम्याबाबतही पाहून ठेवा. सर्वसमावेशक विम्यात पुराने झालेले नुकसान येते, परंतु पाणी शिरल्यावर इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नाने झालेली हानी विमा कंपन्या सहसा त्यात धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे पूरक कलम घ्यावे लागते. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, हे दिवेआगरला जाण्यापूर्वी कागद काढून तपासा. गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर आतून-बाहेरून फोटो घ्यावेत, बॅटरीची ऋण बाजू सोडवावी, कंपनीला कळवावे आणि गाडी सुरू न करता उचलूनच गॅरेजमध्ये न्यावी.