डिजिटल रूपांतराचा प्रकल्प ‘पूर्ण’ झाल्यावर पुढची जबाबदारी कोणाची? (मदत हवी आहे)

आमच्या संस्थेत खरेदी, साठा आणि हिशेब एकाच ईआरपी प्रणालीवर (सर्व खात्यांचे व्यवहार एकत्र जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आणण्याचे काम दोन वर्षे चालले. समाप्ती अहवाल सादर झाला, प्रकल्पातील माणसे आपापल्या खात्यांत परतली, आणि आता दीड वर्षाने असे दिसते की खरेदी खात्यातील मंडळी मंजुरी प्रणालीत देतात खरी, परंतु आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता पुन्हा एक्सेलमध्येच करतात. चौकशी केल्यावर कळले की मध्यंतरी खरेदीचे नियम बदलले, प्रणालीतला तक्ता जुन्या नियमांचाच राहिला, आणि तो कोणाकडून बदलून घ्यायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. या लोकांवर ‘बदलाला विरोध’ असा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते.

वापरातली प्रणाली सतत जुळवून घेतली नाही, तर ती उत्तरोत्तर असमाधानकारक होत जाते, असे संगणकशास्त्रज्ञ मॅनी लेहमन यांनी १९७४ मध्येच मांडले होते. आमची अडचण मात्र पैशांच्या रचनेत आहे. प्रकल्पाचा खर्च भांडवली म्हणून एकदाच मंजूर झाला. वार्षिक देखभाल करारात दोषदुरुस्ती येते, नवे फेरफार येत नाहीत. त्यामुळे एक रकाना वाढवायचा तरी स्वतंत्र मंजुरी लागते, आणि ती मिळेपर्यंत एक्सेलची सवय पक्की होते.

प्रत्येक खात्यातील एका जाणत्या कर्मचाऱ्याचा आठवड्यातला एक दिवस प्रणाली जुळवून घेण्याच्या कामासाठी राखून ठेवावा आणि फेरफारांसाठी महसुली खर्चात दरवर्षी तरतूद असावी, असा माझा प्रस्ताव आहे. त्यावर व्यवस्थापनाचा प्रश्न असतो, “हे संपणार कधी?”

फेरफारांचा क्रम माहिती तंत्रज्ञान विभागाने ठरवावा की संबंधित खात्याने? माझा कल खात्याकडे आहे, पण दोन खात्यांच्या मागण्या एकमेकींना छेद देतात तेव्हा निर्णय कोणी द्यावा, हे सुचत नाही. प्रणाली खरोखर किती वापरली जाते, याच्या मोजमापाचेही तसेच. मंजुरीसाठी सर्वांनाच लॉगिन करावे लागते, म्हणून त्या आकड्यांवरून काहीच कळत नाही. समांतर चालणाऱ्या एक्सेल तक्त्यांची संख्या मोजणे मला अधिक खरे वाटते. मात्र दोष शोधले जात आहेत असा समज झाला, तर लोक तेच तक्ते लपवतील.

अशी वार्षिक तरतूद कोणी मंजूर करून घेतली असल्यास, प्रस्तावाच्या टिपणीत तिचे समर्थन कोणत्या शब्दांत केले होते, हे कृपया सविस्तर सांगावे.